भूगोलाच्या कव्हरातला शिंपी

एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला विचारून लिहावं, निदान त्याला पुरतं ओळखत तरी असावं. माझ्याकडे यातलं काहीच नाही. कांचनताईला मी एकूण चौदा महिने पाहिलं, तेही बहुतेक एकाच बाजूनं, कारण आमची टेबलं शेजारी होती आणि मधे एक बोळ होता. तिच्या डाव्या गालाबद्दल मी खात्रीनं सांगू शकेन, उजव्याबद्दल नाही. शिवाय लिहिणं हे काम आमच्या घरात माझ्याआधी कोणी केलेलं नाही. आईला सही येते, बाबांना तीही येत नाही. वाक्य चुकलं तर सांगणारं घरी कोणी नाही. तेव्हा जे चुकेल त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. लिहिणार नव्हतोच. पण गेल्या महिन्यात एक पाकीट आलं आणि त्यानंतर गप्प राहणं मला जमेना.

माझं गाव नांदगाव खंडेश्वरच्याही आत आहे. बारावी झाल्यावर मी अमरावतीला बी.ए.ला आलो. खोलीवर चार जण होतो आणि चौघांचे मोबाईल एकाच वेळी बोलायचे, म्हणून मी अभ्यासिका लावली. एका रंगाच्या दुकानावरचा लांबलचक हॉल, त्यात बेचाळीस टेबलं. खिडकीकडची रांग मुलींची, भिंतीकडची मुलांची. इथं माणसाला नाव नसतं. कोणी नंबरानं ओळखला जातो, कोणी गावानं. मी अठ्ठावीस नंबर. शेजारच्या सत्तावीस नंबरवर कांचनताई. पहिल्याच दिवशी तिनं माझं गाव विचारलं, मी तालुक्याचंच नाव सांगितलं, आणि तेव्हापासून तिनं मला फक्त "नांदगाव" म्हटलं. "ए नांदगाव, तुह्या पंख्याचं बटन बंद कर, माहे कागद उडून राहिले."

अभ्यासिका चालवायचे भाऊसाहेब. रबरी चपला घालून ते हॉलमध्ये फिरायचे, आवाज म्हणून नाही. दाराशी त्यांनी पाटी लावली होती की इथं फक्त परीक्षेचा अभ्यास करावा, दुसरं काही वाचताना दिसल्यास टेबल रद्द. पाटीखाली टेबलासाठी थांबलेल्या मुलामुलींच्या नावांची यादी असायची, नेहमीच लांब. त्यामुळे भाऊसाहेबांना मोठ्यानं बोलायची गरज पडत नसे. यादीकडे नुसतं बघितलं तरी पुरायचं.

या पाटीखालून रोज सकाळी आत येऊन कांचनताई कादंबऱ्या वाचायची.

चोरून वाचायची हे खरं, पण त्यात एक शिस्त होती. दोन तास राज्यघटना, मग दहा पानं गोष्ट. दोन तास अर्थशास्त्र, मग दहा पानं. "जेवल्यावर गुळाचा खडा खात नाई का आपण? तसं हाय हे," असं ती म्हणायची. अकरावं पान तिनं कधी उलटल्याचं मला आठवत नाही. जुन्या गाइडांची कव्हरं ती जपून ठेवायची आणि गोष्टीच्या पुस्तकांना ती शिवायची. चिकटवायची नाही, शिवायची. तिच्या घरी अकोल्याला फुलांचा मळा होता, वडील हार करून विकायचे. हार ओवायची लांब सुई आणि पांढरा दोरा तिच्या कंपासपेटीत असायचा. त्या सुईनं ती कव्हरं शिवायची आणि वह्याही बनवायची. सराव परीक्षेचे एका बाजूनं कोरे कागद, आणि वर जाड पुठ्ठा म्हणून लग्नपत्रिका. वडिलांना लग्नघरून हाराच्या ऑर्डरीबरोबर पत्रिका मिळायच्या, त्यातल्या बऱ्याच तिच्याकडे यायच्या. अर्ध्या अभ्यासिकेची इतिहासाची टिपणं कोणा ना कोणाच्या शुभविवाहात बांधलेली होती.

वाचताना चेहरा कसा ठेवायचा हेही तिनं मला शिकवलं. गोष्टीत हसू आलं, रडू आलं, तरी चेहरा पठारासारखा सपाट पाहिजे. भाऊसाहेब जवळून गेले की एक भुवई जराशी वर, म्हणजे त्यांना वाटावं की आकडा लक्षात राहत नाहीये.

मला हे सगळं कळलं ते माझ्या अडाणीपणातून. मी नवीन होतो. मला भूगोलाचं गाइड हवं होतं आणि तिच्या टेबलावर एक जाड दिसत होतं. ती बाहेर पाणी प्यायला गेली होती. आमच्या गावात विचारून वस्तू घेणं थोडं परकेपणाचं समजतात, म्हणून मी ते उचललं आणि वाचायला लागलो. एका गावाजवळ धरण होणार असतं. गावात एक शिंपी असतो. मी पेन्सिलीनं खुणा करत चार पानं वाचली. मला वाटलं, धरणांचा धडा असणार, शहरातल्या गाइडात धडे असेच सविस्तर असतील. वहीत लिहूनसुद्धा घेतलं: "शिंप्याचं मशीन, महत्त्वाचं." कांचनताई परत आली, तिनं माझी वही पाहिली आणि तोंडावर ओढणी दाबून जी पळाली ती थेट जिन्यात. मी घाबरून मागे गेलो. ती पायरीवर बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"परीक्षेत आलं त लिहिजो," ती म्हणाली. "पाच मार्काले येते तो शिंपी."

मग तिनं ते पुस्तक मला दिलं. रोज दहा पानं, तिच्या नियमानं. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलेलं, कोणी वाचायला न लावलेलं ते पुस्तक. ती स्वतः ते दर परीक्षेआधी नव्यानं वाचायची. मी विचारलं, शेवट माहीत असताना काय मजा. ती म्हणाली, "घरचा रस्ता माहीत असते म्हणून काय कोनी घरी जात नाई?"

चार वाजता ती पंधरा मिनिटांची सुट्टी घ्यायची आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची. संत्र्यांचे दिवस असले की संत्रं. साल ती पुस्तकाच्या पानात दाबून ठेवायची. "पुढच्या वर्षी उघडलं की कोन्त्या महिन्यात वाचलं ते नाकाले समजते." पेन्सिल ब्लेडनं छिलताना ती साल तुटू द्यायची नाही. एकसंध उतरली की ते कुंकवाच्या रंगाची कडा असलेलं लाकडाचं फूल वहीत चिकटवायची आणि त्या दिवशी पेपर सोपा जाणार असं जाहीर करायची. पेपर सोपा जायचाच असं नाही. रविवारी सकाळी फुटपाथवर जुनी पुस्तकं लागायची, तिथं ती एक तास उकिडवी बसून असायची. पुस्तकावर आधीच्या मालकानं काही लिहिलेलं असेल तर ते पुस्तक आधी घ्यायची. एकदा एका पाककृतीच्या पुस्तकात कोणीतरी लिहिलं होतं, "मीठ कमी टाकणे, यांना आवडत नाही." ती ते वाक्य दिवसभर पुन्हापुन्हा म्हणत होती. यांना म्हणजे कोणाला असेल, आणि आता ते जेवत असतील का, असं.

आणि चित्रं. अभ्यासिकेत दुपारी दोनच्या सुमारास सगळे झोपतात. कांचनताई तेव्हा जागी राहून झोपलेल्यांची चित्रं काढायची. त्या वहीचं नाव "झोपेचे प्रकार." राज्यघटनेची झोप म्हणजे पाठ ताठ, मान खाली, हात जोडलेले. चालू घडामोडींची झोप म्हणजे पेपर अंगावर. गणिताची झोप म्हणजे उघड्या डोळ्यांची. माझंही एक होतं, तोंड उघडं, गालाखाली नकाशा. भाऊसाहेबांचं सगळ्यात सुंदर होतं. खुर्चीत मागे रेललेले, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा, आणि दोन्ही हात जुडग्यावर असे ठेवलेले की जणू मांजर बसलं आहे.

एकदा मी तिला विचारलं होतं की ही स्पर्धा परीक्षा तिला खरंच द्यायची आहे का.  तिनं सांगितलं की घरी ठरलं आहे, ही परीक्षा होईपर्यंत स्थळं बघायची नाहीत, आणि परीक्षा होईपर्यंत अमरावतीचं टेबल राहील. पास झाली तर पुढचं पुढं. नाही झाली तर अकोला. घरी दोन खोल्या आणि सहा माणसं. टेबलावर तळहात ठेवून ती म्हणाली, "हे माही खोली हाय नांदगाव. तीन फूट लांब, दीड फूट रुंद. पन माही."

हे टेबल माझ्यामुळे गेलं.

परीक्षेला दीड महिना होता. दसऱ्याच्या आधीचे दिवस. कांचनताई सराव पेपर द्यायला दुसरीकडे गेली होती. दुपारी एक माणूस दाराशी आला. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात ओल्या कापडात बांधलेला झेंडू. आम्ही सगळे चपला घालून आत बसतो. त्यांनी चपला बाहेर काढल्या, त्याही जोडीनं भिंतीला लावून. झेंडू विकायला अमरावतीला आलो होतो, उरलेला सरस्वतीच्या फोटोला आणला, असं त्यांनी सांगितलं, आणि मग विचारलं की कांचन कुठं बसते. मी टेबल दाखवलं. ते खुर्चीवर बसले नाहीत. बोटांनी टेबलाची कड जराशी दाबून पाहिली, जसं आपण बाजारात खाट घेताना पाहतो.

"अभ्यास करून राहिली ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मला त्यांच्यात माझे बाबा दिसले. इथं माझी चूक झाली, आणि ती कशी झाली हे मला नीट सांगितलं पाहिजे. आमच्या घरी पुस्तक म्हणजे पुस्तक. मी सुट्टीत गावी काहीही वाचत बसलो, तरी बाबा आईला सांगतात की आवाज करू नको, पोट्टा अभ्यास करून राहिला. अभ्यासाचं पुस्तक आणि बिनअभ्यासाचं पुस्तक असे दोन प्रकार असतात हे त्यांना माहीत नाही, आणि त्या दिवशी मीही ते विसरलो. मला वाटलं, या माणसाला कळलं पाहिजे की त्यांची मुलगी काय आहे. नुसता अभ्यास तर बेचाळीस जण करतात.

मी म्हणालो, "काका, ताई अभ्यास तर करतेच, पण त्याच्यापेक्षा लय जास्त वाचते." आणि तिच्या टेबलावरचा जाड भूगोल उचलला. मला सगळ्यात आवडणारं पान काढलं. धरणाचं पाणी गावात शिरतं, लोक भांडी नेतात, धान्य नेतात, आणि शिंपी मशीन डोक्यावर घेऊन निघतो. पाणी छातीपर्यंत आलेलं असतं. ते पान मी त्यांना वाचून दाखवायला लागलो. ते मान खाली घालून ऐकत होते. माझा आवाज वाढला असणार. झोपलेले दोघंतिघं उठले. अर्ध्या पानावर मला जाणवलं की माझ्या मागे कोणीतरी उभं आहे.

भाऊसाहेबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. वरचं कव्हर पाहिलं, आतलं पान पाहिलं.

"हे भूगोल हाय का?"

मी हो म्हणू शकलो असतो. धरणांचा धडा आहे, असंही म्हणू शकलो असतो, एकदा मला तसं वाटलंही होतं. मी नाही म्हणालो.

भाऊसाहेबांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ते यादीकडे गेले. कांचनताईच्या बाबांनी ते पुस्तक उचललं. उघडलं नाही. कव्हराच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, शेवटची गाठ पाहिली आणि म्हणाले, "सुई माही हाय."

एवढंच. मला वाटलं आता संपलं.

कांचनताई पेपर देऊन आली तेव्हा भाऊसाहेबांनी तिला त्यांच्या खोलीत बोलावलं. ते ओरडले नाहीत. त्यांचं म्हणणं मी दारातून ऐकलं, की आज पाच जणांनी डोळ्यांनी पाहिलं, खाली यादीत चाळीस नावं आहेत, आता त्यांना काय सांगू. त्यांचंही चूक नव्हतं. तिनं विनवणी केली नाही. "पाटी वाचूनच बसली होती मी," एवढं बोलून बाहेर आली आणि सामान काढायला लागली. परीक्षा जवळ आलेली, गावातल्या बाकीच्या अभ्यासिका भरलेल्या. रविवारी तिचे बाबा तिला न्यायला आले.

मी बसस्टँडवर गेलो. जाऊ नये असं वाटत होतं आणि न जाणं त्याहून वाईट वाटत होतं. बाबा गाडीत जागा धरायला चढले होते. ती खाली पुस्तकांच्या पिशव्यांजवळ उभी होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही, बहुधा पूर्ण वाक्य नव्हतंच.

"तू त्याईले खोटं सांगतलं का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"मंग काहून तोंड पाडून उभा हायस? पिशवी उचल." आणि पायरीवर चढता चढता मागे वळून म्हणाली, "आता भूगोल कोन शिकवन तुले, हाच घोर हाय."

गाडी सुटेपर्यंत मी खिडकीसमोर होतो. ती खिडकीशी, बाबा पलीकडे. पहिल्यांदाच मला तिची उजवी बाजू दिसत होती. बाबा तिच्याकडे वळले आणि काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. तिनं मान खाली घातली.  मग तिनं मान वर केली आणि ती बोलायला लागली, हात हलवत, एकसारखी, आणि ते तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, ते रागावले आणि आता ती गयावया करते आहे. गाडी वळली. मी तिला शेवटचं पाहिलं ते असं.

त्याला तीन वर्षं झाली. तिचा नंबर माझ्याकडे होता. मी तो उघडायचो, फोटोच्या जागी झेंडूचा ढीग दिसायचा, आणि बंद करायचो. ती अकोल्यात हार ओवत असेल, कोणाकोणासमोर पोह्यांच्या बशा घेऊन जात असेल, असं मनात यायचं. अकोल्याला दोनदा जाणं झालं, फुलबाजाराच्या बाजूनं गेलो नाही. सत्तावीस नंबरवर तलाठ्याची परीक्षा देणारा एक मुलगा आला, तो पास होऊन गेला, मग दुसरा आला. तिच्या टेबलाच्या कप्प्यात "झोपेचे प्रकार" राहून गेली होती. मी ती भाऊसाहेबांना नेऊन दिली. त्यांनी सगळी वही उभ्यानं पाहिली आणि स्वतःचं पान काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पाटी मात्र आहे तशीच आहे.

गेल्या महिन्यात भाऊसाहेबांनी मला बोलावलं आणि एक पाकीट दिलं. वर अभ्यासिकेचा पत्ता, माझं पूर्ण नाव, अकोल्याचा शिक्का. आत लग्नपत्रिका आहे हे बाहेरूनच समजत होतं, गणपतीची सोनेरी सोंड कागदातून उमटली होती. मी ते दोन दिवस उघडलं नाही. मनात मी तिचं लग्न लावून दिलं, तिला सासरी पाठवलं, पुस्तकं रद्दीत घातली. तिसऱ्या दिवशी चार वाजता जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून उघडलं.

पत्रिकेच्या आत नावं नव्हती. आत शिवलेले कोरे कागद होते, आणि पहिल्या दोन पानांवर तिचं अक्षर. इतकं पुस्तकी लिहिताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ते जसं आहे तसं उतरवतो.

"गजानन, ही पत्रिका माझी नाही. पुठ्ठा चांगला होता म्हणून ठेवली. नंबर असून तू फोन केला नाहीस, म्हणजे अजून तसाच तोंड पाडून असशील, म्हणून लिहिते. परीक्षेत पास झाले नाही. दोन गुणांनी राहिले असं मी लोकांना सांगते, तुला खरं सांगते, तीस गुणांनी. त्या टेबलाची आठवण येते. तसं टेबल पुन्हा मिळालं नाही, त्याचं वाईट वाटतं आणि ते वाटणारच. यंदा पुन्हा बसते आहे, बघू. एक स्थळ आलं होतं. बाबांनी मुलाला विचारलं, वाचता का काही. तो म्हणाला, हो, चालू घडामोडी. बाबांनी त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं. सकाळी आम्ही दोघं मळ्यात हार करतो. ते ओवतात, मी वाचते. पुस्तक तेरावं चालू आहे. आता कुठल्याच पुस्तकाला दुसरं कव्हर नाही. त्या रविवारी तू खिडकीखाली उभा होतास आणि तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं की तुला काय वाटतं आहे, पण गाडीत गोंगाट होता. मलाही वाटलं होतं, आता बोलतील. ते बोलले. मला हसू आलं की रडू ते समजेना, म्हणून मान खाली घातली. मग मी सांगायला लागले ती मूर्तिजापूर मागे पडलं तरी सांगतच होते. ते काय बोलले ते तुला माहीत असलं पाहिजे, कारण ते तुझ्यामुळे बोलले. त्यांनी विचारलं होतं, तो पोट्टा वाचता वाचता मधातच थांबला, तो शिंपी मशीन डोक्यावर घेऊन पान्यात उभा हाय, पुढं काय झालं त्याचं?"